ई-सिगारेट, विडी आणि तोंडातील तंबाखू : आरोग्यधोक्यांच्या तुलनेचा प्रश्न (नेकनूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. त्या मानाने ई-सिगारेटविषयीचे लेखन थोडे असून जे आहे त्यात दोन टोकाची मते आढळतात. एका मतानुसार ई-सिगारेट हे धूम्रपानाच्या व्यसनातून सोडविणारे निरुपद्रवी साधन आहे. दुसऱ्या मतानुसार ती सिगारेटइतकीच, किंबहुना तिच्याहूनही घातक आहे. उपलब्ध शास्त्रीय पुरावा पाहता ही दोन्ही मते टिकत नाहीत. तथापि त्याहून महत्त्वाची एक गोष्ट या वादात दुर्लक्षित राहते. ‘कमी घातक’ हे विशेषण स्वयंपूर्ण नाही. कशापेक्षा कमी आणि कोणासाठी कमी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ प्राप्त होत नाही. प्रस्तुत लेखात ही तुलना मराठवाड्यातील एका ग्रामीण परिसराच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

नेकनूर हे बीड तालुक्यातील आठवडी बाजाराचे मोठे गाव. परिसरातील अर्थव्यवहार शेतीवर आणि पाऊस हुलकावणी देईल त्या वर्षी मजुरीवर अवलंबून असतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर सर्वज्ञात आहे. मुकादमाकडून उचल घेऊन निघालेली ‘कोयत्यां’ची कुटुंबे चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात उसाच्या फडावर, कोप्यांमध्ये राहतात. पहाटेपासून चालणाऱ्या या कामात भूक मारण्यासाठी व शीण विसरण्यासाठी ज्या गोष्टीचा आधार घेतला जातो ती म्हणजे चुना लावून मळलेली तंबाखू, विडी आणि स्त्रियांच्या बाबतीत प्रामुख्याने मिश्री.

राज्याची आकडेवारी हेच चित्र दाखविते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. त्याच सर्वेक्षणात संपूर्ण देशात ई-सिगारेटविषयी ऐकलेले प्रौढ सुमारे ३ टक्के आणि प्रत्यक्ष वापरणारे ०.०२ टक्के आढळले. म्हणजेच ई-सिगारेट आणि सिगारेट यांची जी तुलना जगभर केली जाते, तिच्या दोन्ही बाजूंना महाराष्ट्रातील बहुसंख्य तंबाखूसेवक उभाच नाही. हा मुद्दा पुढील विवेचनात सातत्याने लक्षात ठेवावा लागेल.

धूर आणि तुषार

चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास विकसित केलेल्या उपकरणापासून आजची ई-सिगारेट उदयास आली. तिची रचना साधी आहे. एक विजेरी, धातूच्या तारेचे एक वेटोळे आणि द्रावणाची कुपी. द्रावणात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुधा निकोटीन असते. तार तापली की द्रावणाचे सूक्ष्म तुषार बनतात व ते श्वासावाटे आत घेतले जातात. व्यवहारात यास ‘वाफ’ म्हटले जाते. परंतु ती पाण्याची वाफ नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. घरात सर्दी झाल्यावर घेतल्या जाणाऱ्या वाफाऱ्याशी तिचा काही संबंध नाही.

सिगारेटमध्ये व विडीमध्ये तंबाखू जळते. झुरका घेताना जळत्या टोकाचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. या ज्वलनातून सात हजारांहून अधिक रासायनिक पदार्थ निर्माण होतात व त्यांपैकी सुमारे सत्तर पदार्थ कर्करोगकारक म्हणून ओळखले जातात. कार्बन मोनॉक्साईड आणि डांबर ही दोन्ही ज्वलनाचीच अपत्ये होत. ई-सिगारेटमध्ये ज्वलन होत नसल्याने डांबर तयार होत नाही, कार्बन मोनॉक्साईड नगण्य असतो आणि तंबाखूतील विशिष्ट नायट्रोसअमाइन संयुगे केवळ अल्पांशाने आढळतात. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अहवालात, सिगारेट पूर्णपणे सोडून ई-सिगारेटकडे वळणाऱ्याच्या शरीरात जाणारी विषारी द्रव्ये कमी होतात याविषयी निर्णायक पुरावा असल्याचे म्हटले आहे. ही बाब मान्य न करता केलेला कोणताही प्रचार तरुणांच्या दृष्टीने आपली विश्वासार्हता गमावतो.

परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे. द्रावण अधिक तापले की फॉर्मल्डिहाईड, ॲसिटाल्डिहाईड व ॲक्रोलिन तयार होतात. तारेतून निकेल, क्रोमियम, शिसे यांचे कण तुषारांत मिसळतात. स्वादासाठी वापरले जाणारे काही पदार्थ खाण्यास सुरक्षित मानले गेले आहेत. मात्र जठरासाठी दिलेले प्रमाणपत्र फुफ्फुसाला लागू होत नाही. लोण्यासारखा स्वाद देणारे डायअसिटिल हे त्याचे परिचित उदाहरण होय. मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यात ते हुंगणाऱ्या अमेरिकन कामगारांना श्वासनलिकांचा गंभीर विकार जडला होता.

२०१९ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसांच्या तीव्र इजेची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदले गेले. भारतीय वृत्तपत्रांत ही घटना सरसकट ‘ई-सिगारेटचे बळी’ म्हणून आली. तपासाअंती यातील बहुतांश रुग्णांनी गांजातील मादक घटक असलेली, अनेकदा चोरट्या बाजारातील द्रावणे वापरली होती आणि त्यांत मिसळलेले ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट हे इजेचे प्रमुख कारण असल्याचे निष्पन्न झाले. या घटनेतून निकोटीनयुक्त ई-सिगारेट निर्दोष ठरत नाही, परंतु कुपीत काय भरले आहे हे वापरणाऱ्याला कळत नसेल तर काय घडू शकते, हे मात्र तीतून दिसले. जेथे हे उत्पादन केवळ चोरट्या मार्गानेच मिळू शकते तेथे हा धोका अधिक मानावा लागेल.

‘पंचाण्णव टक्के’ या आकड्याची मर्यादा

ई-सिगारेट सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे, हे वाक्य इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या २०१५ च्या अहवालामुळे जगभर पसरले. या आकड्याचे मूळ २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यात काही तज्ज्ञांनी एकत्र बसून निरनिराळ्या निकोटीन-उत्पादनांना हानीच्या निकषांवर गुण दिले होते. रुग्णांची मोजणी करून काढलेले ते प्रमाण नव्हते; तो जाणकारांचा अंदाज होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर टीकाही केली. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही दीर्घकालीन हानी धूम्रपानाच्या पाच टक्क्यांहून अधिक असण्याची शक्यता कमी असल्याचे मत नोंदविले. अंदाज म्हणून त्याला मूल्य आहेच. परंतु अंदाजाला मोजमाप समजणे योग्य नव्हे.

दीर्घकालीन मोजमापासाठी किती काळ जावा लागतो, हे सिगारेटच्याच इतिहासावरून समजते. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रनिर्मित सिगारेटचा प्रसार झाला. फुफ्फुसाच्या कर्करोगाशी तिचा संबंध रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांच्या संशोधनातून १९५० मध्ये पुढे आला. ब्रिटिश डॉक्टरांचा त्यांनी १९५१ मध्ये सुरू केलेला अभ्यास पन्नास वर्षे चालला आणि २००४ मध्ये निष्कर्ष आला की, आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी मृत्यू पावतात. ई-सिगारेटच्या वाट्याला अद्याप एवढा काळ आलेला नाही. आज विशीत असलेल्या वापरकर्त्याच्या फुफ्फुसाचा हिशेब त्याच्या पन्नाशीतच मांडता येईल.

या तुलनेत आणखी एक अट दडलेली असते. कमी हानीचा लाभ पूर्णपणे बदल करणाऱ्यालाच मिळतो. घरात ई-सिगारेट आणि मित्रांत सिगारेट, असा दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याला तो फारसा मिळत नाही. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असल्याचे आढळले. विसाची एक केली म्हणून हृदयाचा धोका विसांश होत नाही. ‘आता फक्त जेवणानंतर एकच’ हे समाधान यामुळे फसवे ठरते.

विडी, जर्दा आणि मिश्री

आता या परिसरातील प्रत्यक्ष सेवनाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. विडी लहान असते, तिच्यात तंबाखूही कमी असते, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य समजली जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. तेंदूचे पान कागदाप्रमाणे सच्छिद्र नसल्याने विडी विझू नये म्हणून वारंवार व जोराने ओढावी लागते, आणि त्यातून डांबर व कार्बन मोनॉक्साईड मोठ्या प्रमाणात शरीरात जातात. मुंबईत सुमारे एक लाख व्यक्तींच्या पाठपुराव्यातून डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुर्मान सुमारे सहा वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे आठ वर्षांनी घटल्याचे दिसले. त्याआधी २००३ मध्ये चेन्नईतील अभ्यासाने तर भारतीय पुरुषांतील क्षयरोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे मृत्यू धूम्रपानाशी निगडित असल्याचे दाखविले. पाचटाच्या कोपीत जेथे आई-वडील, लेकरे व चूल एकाच जागी असतात, तेथे विडीचा धूर ओढणाऱ्यापुरता राहत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तोंडातील तंबाखूत धूर नसतो, परंतु तेवढ्यावरून ती ई-सिगारेटच्या पंक्तीत बसत नाही. तंबाखू वाळविताना व मुरविताना तिच्यात नायट्रोसअमाइन संयुगे तयार होतात. ती गालाच्या व हिरडीच्या नाजूक त्वचेला तासन्‌तास चिकटून राहतात. धूरविरहित तंबाखू मानवात कर्करोग निर्माण करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदविले आहे. सुपारी मिसळलेल्या गुटखा व खर्रा यांमध्ये आणखी एका विकाराची भर पडते. सुपारीमुळे तोंडातील त्वचा ताठर होऊन जबडा उघडणे कठीण होते. भाकरीचा घासही आत जाऊ नये अशी अवस्था झालेले तरुण रुग्ण दंतवैद्यांना नवीन नाहीत.

मिश्रीचे स्वरूप याहून वेगळे आहे. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून तिची पूड केली जाते व ती दातांना घासली जाते. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून तिचा घरात प्रवेश होतो, त्यामुळे तिला व्यसन म्हणण्यास कोणी तयार नसते. सासू सुनेला, आई लेकीला ती सहज देते. भाजण्याच्या क्रियेत तंबाखूचे अंशतः ज्वलन होऊन बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये निर्माण होतात. म्हणजे धूरविरहित गणल्या गेलेल्या या प्रकारात जळण्याचा दोषही आहे आणि तोंडात धरण्याचा दोषही आहे.

विषारी द्रव्यांच्या केवळ यादीचा विचार केल्यास विडी, जर्दा व मिश्री या तिन्हींपेक्षा ई-सिगारेट कमी घातक ठरेल, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. तथापि मिश्री लावणारी ऊसतोड मजूर स्त्री उद्या मिश्री सोडून ई-सिगारेट घेईल, ही कल्पनाच अवास्तव आहे. किंमत, विजेरी भरण्याची सोय, सवयीचे सामाजिक रूप यांपैकी काहीही त्यास अनुकूल नाही. या परिसरातून ई-सिगारेटकडे जाण्याची शक्यता असलेली व्यक्ती म्हणजे पुण्यात वा छत्रपती संभाजीनगरात शिकावयास गेलेला, बहुधा तंबाखूला कधी स्पर्शही न केलेला विद्यार्थी. त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी नसून स्वच्छ हवेशी असते, आणि त्या तुलनेत ई-सिगारेट प्रत्येक वेळी हरते.

निकोटीनचे स्वतंत्र खाते

निकोटीन हे कर्करोगाचे प्रमुख कारण नव्हे. परंतु व्यसनाचे मूळ तेच आहे. श्वासावाटे घेतलेले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. त्यामुळे हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतात. मेंदूची वाढ वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असल्याने किशोरवयातील निकोटीनचा एकाग्रता व आवेगनियंत्रण यांवर परिणाम होतो.

निकोटीन शरीरात उतरविण्याची कला मात्र दोन्हीकडे रसायनशास्त्राचीच आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे. तळहातावर तंबाखूला चुना लावणारा शेतकरी मिश्रण अल्कधर्मी करतो. त्यामुळे निकोटीन मुक्त स्वरूपात येऊन गालाच्या त्वचेतून लवकर शोषले जाते. ई-सिगारेटच्या निर्मात्यांनी नेमके उलट केले. मुक्त निकोटीन घशाला झोंबते, म्हणून त्यात बेंझोइक आम्लासारखे आम्ल मिसळून त्याचे क्षार बनविले. झोंबणे थांबले आणि मात्रा वाढविता आली. युरोपीय संघाने मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली असताना अमेरिकेत विकल्या गेलेल्या काही उपकरणांत ५० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन होते. पहिल्याच झुरक्याला ठसका लागून सिगारेट टाकून देणारी मुले पूर्वी असत. तो नैसर्गिक अडसर येथे उरला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट वापरत होते. कठोर उपायांनंतर २०२४ पर्यंत हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले.

गर्भावस्थेच्या बाबतीत ‘धूर नाही म्हणजे धोका नाही’ या समजुतीचे खंडन महाराष्ट्रातच झालेले आहे. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या पाहणीवर आधारित व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही अधिक होते. तंबाखूत निकोटीनशिवाय इतर द्रव्येही असतात हे खरे; परंतु निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, हे निश्चित आहे. नेकनूरसारख्या गावातील शासकीय रुग्णालयात नोंदणीसाठी येणारी गर्भवती आधीच रक्तक्षयाने ग्रासलेली असेल, तर शंभर ग्रॅमचा हा फरक बाळाला कमी वजनाच्या वर्गात ढकलण्यास पुरेसा ठरतो. तिला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर उत्तर बहुधा नकारार्थी येईल. ‘दाताला काय लावता?’ असे विचारावयास हवे.

कायद्याची विसंगती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये ई-सिगारेटवर संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र शासनाने वटहुकूम काढला व डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी असून, साठवण वगळता, पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही, तर पुनरावृत्तीस तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्यावर घेतला जाणारा आक्षेप तर्काच्या दृष्टीने बिनतोड आहे : जे अधिक घातक ते किराणा दुकानात आणि जे कमी घातक ते गुन्हा! विडी आणि जर्दा यांच्यामागे तेंदूपान संकलन, विडी वळणाऱ्या स्त्रियांचा रोजगार, तंबाखू उत्पादक शेतकरी व शासनाचा महसूल उभा आहे. ई-सिगारेटच्या मागे भारतात कोणीच उभे नव्हते. बंदी सोपी होती म्हणून झाली, असे म्हटल्यास ते सर्वस्वी चूक ठरणार नाही. तरीही जेथे धूम्रपान करणारे प्रौढ थोडे आणि निकोटीनपासून दूर असलेले तरुण प्रचंड, तेथे या बंदीचे समर्थन करता येते. इंग्लंडने स्वीकारलेले मोकळे धोरण तेथील सिगारेट ओढणाऱ्यांच्या संख्येवर बेतलेले होते; एकदाच वापरून फेकण्याच्या ई-सिगारेटींवर तर त्या देशानेही १ जून २०२५ पासून बंदी घातली आहे.

बंदी घोषित होणे आणि ती पाळली जाणे यांतील अंतर महाराष्ट्राला गुटख्याने शिकविले आहे. २००२ मध्ये राज्याने घातलेली पहिली बंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये ती पुन्हा आली आणि त्यानंतरही शेजारच्या राज्यांतून आलेले साठे पकडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे. आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापासून पहिली पानटपरी किती अंतरावर आहे, हे कोणालाही पावलांनी मोजता येईल.

सोडण्याचे साधन

ई-सिगारेटमुळे सिगारेट सुटते काय, याचे उत्तर ‘काहींची सुटते’ असे आहे. इंग्लंडमध्ये ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेर ई-सिगारेट गटातील १८ टक्के, तर निकोटीनचा चघळगोंद, पट्टी आदी साधने वापरणाऱ्या गटातील ९.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. मात्र पहिल्या गटातील यशस्वी व्यक्तींपैकी ८० टक्के लोक तेव्हाही ई-सिगारेट ओढत होते. दुसऱ्या गटात साधन चालू ठेवणारे केवळ ९ टक्के होते. सिगारेट सुटली, निकोटीन सुटले नाही. शिवाय ही चाचणी धूम्रपान करणाऱ्यांची होती. जर्दा वा मिश्री सोडू इच्छिणाऱ्याला तिचा उपयोग मर्यादित आहे.

अशा व्यक्तीसाठी उपलब्ध मार्ग साधे आहेत. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक समुपदेशनासाठी आहे. निकोटीनचा चघळगोंद औषधाच्या दुकानात मिळतो. परंतु तो खाण्याची पद्धत न सांगता दिला जातो व म्हणून बऱ्याचदा निरुपयोगी ठरतो. तो सामान्य गोळीप्रमाणे सतत चघळावयाचा नसतो. जीभ झिणझिणेपर्यंत हळूहळू चावून मग गाल व हिरडी यांच्यामध्ये, म्हणजे तंबाखूची चिमूट ज्या जागी धरण्याची सवय असते त्याच जागी, तो थांबवून ठेवावा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावावा. असे साधारण अर्धा तास करावे व सुटलेली लाळ भराभर गिळू नये, अन्यथा उचकी व जळजळ होते. चुन्यामागचे रसायनशास्त्र येथेही लागू पडते. तोंड आम्लधर्मी असेल तर निकोटीन शोषले जात नाही. म्हणून गोंद तोंडात घालण्यापूर्वी पंधरा मिनिटे व तो तोंडात असेपर्यंत कॉफी, लिंबूपाणी वा शीतपेय घेऊ नये.